गेल्या वर्षीचे आकडे

६ नोव्हेंबर १९०५, सोमवार

प्रोफेसर टटल आज पुन्हा कात्रण घेऊन आले. पूर्वेकडच्या कुठल्याशा गावी फुटबॉल खेळताना एक पोरगा अंगावर कोसळलेल्या गड्यांच्या ढिगाखाली सापडला, मान मोडून गेला. कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं, वर माझाच कागद दाबायचा दगड ठेवला आणि म्हणाले, "वाचून ठेवा, मिस्टर कॅल्डर. डिसेंबरात लागेल."

डिसेंबरात म्हणजे प्राध्यापक मंडळाच्या बैठकीत. ठराव त्यांचाच आहे – ॲशबी कॉलेजात फुटबॉल बंद करावा. ग्रीक शिकवणारा माणूस, भांडतोसुद्धा सभ्यपणे. राग येतो तो त्याचाच!

ठराव मंजूर झाला तर माझं इथलं काम संपलं. मुलींचे डंबेल्सचे व्यायाम, जिमची किल्ली, मैदानावरच्या चुन्याच्या रेघा, बाहेरच्या कॉलेजांशी सामन्यांच्या तारखा ठरवणं, सगळं माझ्याच गळ्यात आहे. पण मला ठेवलंय ते फुटबॉलसाठी. नुसत्या डंबेल्सवर आयोवात कुणी माणूस पोसत नाही. या गावाचा मला फार लळा आहे असंही नाही. तरी चौतिसाव्या वर्षी पुन्हा पेटी बांधायची म्हणजे कंटाळा येतो. खोटं कशाला लिहू – कंटाळा नाही, भीती वाटते. मला दुसरं काही येत नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

सराव. गुडघाभर चिखल. ओरिन वेल्डकॅम्पनं आज सगळे आकडे एकदाही न चुकता दिले.

हा आमचा कप्तान. डच शेतकऱ्याचा मुलगा, तिसरं वर्ष. आकडे म्हणजे खुणा. रांग लागली की तो ओरडतो, त्यावरून कुणी कुठे धावायचं ते बाकीच्यांना कळतं. दर ऑगस्टला मी नवे आकडे बांधतो आणि पोरांकडून घोकून घेतो, चालताना, जेवताना, अंघोळ करताना. झोपेतून उठवून "बावीस-नऊ" म्हटलं की मॅक्निशचे पाय डावीकडे निघाले पाहिजेत. मॅक्निश म्हणजे चेंडू बगलेत घेऊन धावणारा आमचा गडी. तो म्हणतो, "सर, लग्नात पाद्र्यानं चुकून आकडा उच्चारला तर मी बोहल्यावरून पळत सुटेन!"

वेल्डकॅम्प चामड्याची टोपी घालत नाही. कान झाकले की आपल्या माणसांचं ऐकू येत नाही म्हणतो. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. मैदानावरचा मालक कप्तान.

११ नोव्हेंबर, शनिवार

शेजारच्या जिल्ह्यात दोन परक्या कॉलेजांचा सामना, पंच म्हणून मला नेलं. असं आम्ही एकमेकांकडे जातच असतो. यजमानांचा प्रशिक्षक निघाला प्रेस्कॉट! पूर्वेला आम्ही दोघं एका संघात खेळलो होतो.

उत्तरार्धात तो टोपी हलवायला लागला. डावीकडे हलवली की संघ डावीकडे. मी खेळ थांबवला आणि त्याला कुंपणाबाहेर घालवलं. नियम साधा आहे – सामना सुरू झाला की प्रशिक्षकानं बाकावर बसायचं आणि तोंड मिटायचं. बोलायचं नाही, खुणवायचं नाही, पंचानं बोलावल्याशिवाय रेघ ओलांडायची नाही. कोण खेळणार, कोण बाहेर जाणार हे कप्तान ठरवणार. एकदा बाहेर गेलेला त्या सामन्यात पुन्हा आत येत नाही. खेळ विद्यार्थ्यांचा, पगारी माणसाचा नाही. आमच्या सात कॉलेजांच्या संघटनेत हा नियम कडक पाळायला लावला तो मीच.

प्रेस्कॉट कुंपणापलीकडून ओरडला, "कॅल्डर, तुझ्या बुडाखालचा बाक पेटला तरी उठायला तू पंचाची परवानगी मागशील!"

लोक हसले. मलाही हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

१५ नोव्हेंबर, बुधवार

पाऊस, मग गारा. जिममध्येच आकडे घोकले.

२२ नोव्हेंबर, बुधवार

आमचे प्रिन्सिपॉल डॉ. सेल्स यांनी बोलावलं होतं. मंडळात मतं जवळजवळ समसमान आहेत म्हणाले. "थँक्सगिव्हिंगच्या सणाला मार्लो कॉलेजशी सामना आहे, तो जिंका, कॅल्डर. जिंकलेल्या संघाचा खेळ बंद करायला माणसाला जरा लाज वाटते." पाद्री माणूस, पण आकडेमोड पक्की.

"आणि कुणाला लागू देऊ नका," दाराशी येऊन म्हणाले.

मी म्हटलं, "सर, दोन्ही एकदम मागताय तुम्ही."

२९ नोव्हेंबर, बुधवार

मैदानावर रेघा मारल्या. जमीन दगडासारखी गोठलीय. चुना वाऱ्यानं उडून डोळ्यांत गेला. बाकी सगळं तयार.

३० नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग

जिंकलो.

क्रमानं लिहितो. पूर्वार्धात मार्लोच्या पोरांनी आम्हाला हलू दिलं नाही. मॅक्निश जिथे जाईल तिथे त्यांचे तिघे आधीच उभे. मध्यंतरात तो मला म्हणाला, "सर, त्यांना आपले आकडे ठाऊक आहेत. मी निघायच्या आधी ते निघतात!" मी म्हटलं, "त्यांना काही ठाऊक नाही, तुझे पाय जड झालेत." वेल्डकॅम्प तिथेच लिंबू चोखत बसला होता.

उत्तरार्धात सुरुवातीलाच तो ढिगाखाली गेला. ढीग उठला, तो उठला नाही. मग उठला. एका गुडघ्यावर बसून राहिला, हातानं गवत चाचपत होता. पंच वाकून काही बोलला. वेल्डकॅम्पनं मान हलवली – ठीक आहे. पंचानं माझ्याकडे पाहिलं नाही, बोलावलं नाही. मी उठलो नाही. बाकाच्या फळीला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, हे नंतर हातात फळीची कुसळं रुतलेली दिसली तेव्हा कळलं.

त्याला बाहेर काढायचं तर हुकूम कप्तानानं द्यायचा. आणि कप्तान तोच.

मग तो रांगेमागे उभा राहिला आणि आकडे ओरडला. मी ऐकलं आणि आधी वाटलं माझेच कान गेले. ते गेल्या वर्षीचे आकडे होते! मागच्या मोसमात मी बांधलेले, ऑगस्टमध्ये मोडीत काढलेले. आमची रांग क्षणभर लटपटली. पहिल्या वर्षाची दोन पोरं खांबासारखी उभी राहिली. पण बाकीचे सगळे गेल्या वर्षीही होते. त्यांचे पाय निघाले. मार्लोवाले उजवीकडे धावले, मॅक्निश डावीकडून मोकळा गेला.

पुढची प्रत्येक चाल गेल्या वर्षीच्या आकड्यांवर. दोनदा चेंडू त्यांच्या शेवटच्या रेघेपलीकडे, दोन टचडाऊन. मार्लोवाले एकमेकांना शिव्या घालत होते.

सगळ्यात मागे खेळणाऱ्या नव्या फुलबॅकला त्यानं दोनदा "डिलन" म्हणून हाक मारली. डिलन मे महिन्यात पदवी घेऊन डे मॉइनला वकिलाच्या हाताखाली गेला.

संपल्यावर पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मॅक्निश नाचत होता, "सर, मला वाटलं याला वेड लागलं! पण पाय आपोआप निघाले! काय डोकं आहे! मी मध्यंतरात बोललो आणि यानं मनात धरून ठेवलं!" वेल्डकॅम्प हसत होता. मी विचारलं, "डोकं कसं आहे?" तो म्हणाला, "छान, सर. डिलन आज चांगला खेळला, नाही?" सगळे गडबडा हसले. नव्या फुलबॅकची फिरकी घेतोय म्हणाले. तसंही असेल.

मी राहतो त्या मिसेस हॉगनच्या खानावळीत सणाची टर्की. खानावळीतले सगळे माझ्या पाठीवर थापा मारत होते. मी खूप खाल्लं.

१ डिसेंबर, शुक्रवार

गावच्या पेपरात पहिल्या पानावर – 'कप्तानाचं थंड डोकं'. शत्रूनं खुणा चोरल्याचं ओळखून त्यानं भर लढाईत जुन्या खुणा बाहेर काढल्या, वगैरे. मार्लोच्या प्रशिक्षकानंही मान्य केलंय की त्यांचा एक माणूस आमचा सराव बघून गेला होता.

म्हणजे मॅक्निश खरा होता आणि मी चुकलो होतो. आणि पेपरात आलंय तेही जुळतं. सगळं नीट जुळतं.

पोरगं हुशार आहेच. मध्यंतरात ऐकलं, विचार केला, मग केलं. हे मी दोनदा वाचलं आणि पटवून घेतलं.

३ डिसेंबर, रविवार

वेल्डकॅम्पच्या घरच्यांनी जेवायला बोलावलं होतं. मॅक्निश आणि मी त्यांच्याच गाडीतून गेलो. चर्च, मग जेवण, मग पुन्हा चर्च. रविवारी खेळाचं नाव काढायचं नाही, त्यामुळे सामन्याबद्दल अवाक्षर नाही. डुकराचं मांस, वाटाण्याचं घट्ट सूप.

ओरिनच्या चेहऱ्यावर तजेला आहे, जेवला चांगला. मग टेबलावरच हातावर डोकं ठेवून झोपला.

आईनं मला भांड्यांच्या खोलीत गाठलं. इंग्रजी तोडकं. "मास्तर, तो बेसला विचारतो. काल सकाळी तबेल्यात गेला, परत आला, म्हणाला आई, बेस कुठंय. बेस घोडी मेली की हो गेल्या हिवाळ्यात! त्यानंच खड्डा खणला."

मी म्हटलं, "मग काय म्हणाला तो, तुम्ही सांगितल्यावर?"

"म्हणाला, हो हो, विसरलो. आणि रडला. तो रडत नाही कधी."

बाप दारातून म्हणाला, "पोरगं दमलंय. उगा मास्तरांच्या मागे लागू नकोस."

परतताना मॅक्निश शीळ घालत होता. मी त्याला गप्प बसवलं. रविवार आहे म्हणालो.

५ डिसेंबर, मंगळवार

वेल्डकॅम्पला डॉक्टरकडे नेलं. डोळ्यांत पाहिलं, गुडघ्यावर हातोडी मारली, बोट नाकाला लावायला सांगितलं. "बैलासारखा आहे. आठवडाभर विश्रांती." मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटायचं कारण काय, ते मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

दुपारी डॉ. सेल्स. बैठक पुढच्या मंगळवारी. "तुम्ही बोलून उपयोग नाही कॅल्डर, तुमची भाकरी आहे त्यात. कप्तानानं बोलावं. डोक्याला मार बसला आणि त्याच डोक्यानं सामना काढला, हे सगळ्या गावाला माहीत आहे. टटल म्हणतात फुटबॉलनं मुलं निकामी होतात. त्यांच्यापुढे हा मुलगा उभा करा."

मी हो म्हणालो. लगेच.

६ डिसेंबर, बुधवार

जिममध्ये बसवून त्याला म्हटलं, "तुला काय वाटतं ते बोल. तुझ्या शब्दांत." तो उभा राहिला. "मी... आम्ही..." म्हणाला आणि थांबला. खिडकीकडे पाहत राहिला. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून अगदी आनंदानं म्हणाला, "सर, काय बोलत होतो मी?"

घाबरतो पोरगा. चिखलात अकरा जणांवर ओरडणं वेगळं, दाढीवाल्या प्राध्यापकांपुढे बोलणं वेगळं. मीही त्याच्या वयाचा असताना बोलू शकलो नसतो.

तेव्हा मीच लिहून काढलं. छोटंसं. "सद्गृहस्थहो, मी शेतकऱ्याचा मुलगा. या कॉलेजात आलो तेव्हा मला नांगर धरता येत होता आणि बाकी काही नाही..." अशी सुरुवात. मग शिस्त, मैत्री, दुखलं तरी उठून उभं राहणं. शेवट – "या मैदानानं माझ्याकडून काही घेतलं नाही. जे आहे ते त्यानंच दिलं."

वाचताना मलाच जरा गहिवरून आलं. माझं मला आश्चर्य वाटलं.

९ डिसेंबर, शनिवार

पाठांतर. आकड्यांसारखंच. एक वाक्य मी, एक तो. चालत, बसत, जिन्यावरून उतरत. पहिले दोन दिवस काहीच राहत नव्हतं. सकाळी शिकवलेलं दुपारी कोरं. मग मी पद्धत बदलली, प्रत्येक वाक्याला एक पाऊल. जिमच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आज धरलं. एकदा पहिला शब्द निघाला की शेवटपर्यंत जातो, अडत नाही, आवाजसुद्धा चांगला लागतो. मधेच थांबवलं तर मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

मॅक्निश दारातून ऐकत होता. नंतर जिन्यावर मला म्हणाला, "सर, ओरिन बरा आहे ना?"

"डॉक्टर म्हणतात बरा आहे."

"हो. डॉक्टर म्हणतात. तो माझ्या खोलीत राहतो सर, म्हणून विचारलं. त्यानं काल डिलनला पत्र लिहायला घेतलं. सरावाला का येत नाहीस म्हणून."

मी म्हटलं, "फिरकी घेत असेल."

"माझी? कागदावर?"

"मॅक्निश, मंगळवारपर्यंत त्याला त्रास देऊ नकोस."

तो "बरं सर" म्हणाला आणि गेला. त्याचं ते 'बरं सर' मला आवडलं नाही.

१० डिसेंबर, रविवार

बर्फ. बाहेर पडलो नाही.

विचार करून पाहिला. मी गेलो डॉ. सेल्सकडे आणि म्हटलं, मुलगा ठीक नाही. मग? ठराव मंजूर. मी पेटी बांधतो. पोरांचा खेळ जातो. आणि वेल्डकॅम्पला त्याचा काय उपयोग? त्याचं डोकं त्यानं जास्त बरं होणार आहे का? नाही. आठवडाभर विश्रांती हवी, ती मिळतेच आहे. बैठकीनंतर आणखी मिळेल.

असा विचार केला. विचार म्हणून तो नीट आहे.

१२ डिसेंबर, मंगळवार

बैठक चारला, ग्रंथालयाच्या लांब टेबलाभोवती. मी कोपऱ्यात खुर्चीवर. मला मत नाही, बोलावल्याशिवाय बोलायचं नाही. म्हणजे बाकच.

आधी टटल बोलले. त्यांनी कात्रणं वाचली नाहीत. एवढंच म्हणाले, "आपल्याकडे आई-बाप मुलं पाठवतात ती डोक्यात काही भरावं म्हणून. आहे ते सांडू नये एवढी तरी आपली जबाबदारी आहे."

मग वेल्डकॅम्प. रविवारचा कोट, केस पाण्यानं चोपलेले. उभा राहिला, आणि मी खुर्ची धरून बसलो. "सद्गृहस्थहो, मी शेतकऱ्याचा मुलगा..." एकदा निघाला तो निघाला. एक शब्द इकडेतिकडे नाही! जिथे थांबायचं तिथे थांबला. 'नांगर' म्हणताना हात पुढे केला, तो मी शिकवला नव्हता. भूगोलाचे म्हातारे प्राध्यापक रुमाल शोधायला लागले.

शेवट झाला. टाळ्या. टटल म्हणाले, "एकच विचारतो, ओरिन. ज्या क्षणी तुला मार बसला तो तुला आठवतो?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे, आकडा मागावा तसं. मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी पायवाटेवरचा बर्फ ओढत होतं, त्याचा आवाज येत होता.

मग तो हसला आणि म्हणाला, "आम्ही जिंकलो, सर."

सगळं टेबल हसलं. काहींनी टेबलावर हात मारले. टटल स्वतः उठून त्याच्यापाशी गेले, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुला असा धडधाकट पाहून मला किती बरं वाटतं, सांगता येत नाही. मी चुकलो असेन तर मला आनंदच आहे." ते मनापासून बोलत होते. डोळे ओले होते त्यांचे.

चिठ्ठ्या टाकून मतं झाली, ठराव पडला. थोडक्यात, पण पडला. टटल यांनी स्वतः विरुद्ध मत दिलं असं म्हणतात – स्वतःच्याच ठरावाविरुद्ध.

लगोलग दुसरा ठराव. कॉलेजात क्रीडा विभाग असावा आणि त्याचा संचालक म्हणून मिस्टर कॅल्डर यांची कायम नेमणूक व्हावी. एकमतानं. वर्षावर्षाची टांगती तलवार गेली. डॉ. सेल्स माझ्या कानात म्हणाले, "मुलानं काम केलं!"

१३ डिसेंबर, बुधवार

आनंद झाला आहे. लिहून ठेवतो, कारण मला तो सहसा होत नाही. सकाळी उठल्यावर दोन मिनिटं छताकडे पाहत नुसता पडून राहिलो. मिसेस हॉगननं वेलदोड्याचा नॉर्वेजियन पाव भाजला, म्हणाली, "संचालकसाहेब, आता नवा कोट शिवा, या कोटात तुम्ही दूधवाल्यासारखे दिसता." नवा जिम कसा बांधायचा त्याची रेघोटी मारली. धावण्याचा गोल मार्ग वरच्या गॅलरीत. मुलींसाठी वेगळा दरवाजा. पोहण्याचा हौद पुढे कधीतरी.

१५ डिसेंबर, शुक्रवार

संघटनेचं पत्र. नियम समितीवर मला घेतलंय. खेळ कमी धोक्याचा कसा होईल यावर सूचना मागवल्यात.

बसलो लिहायला. पहिली सूचना अशी लिहिली – डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला कप्तानाच्या संमतीशिवायही बाहेर काढण्याचा अधिकार पंचाला असावा. दुसरी – पंचाला आणि प्रशिक्षकाला. 'प्रशिक्षकाला' खोडलं. पुन्हा लिहिलं. मग कागद बाजूला ठेवून दाढी केली.

वेल्डकॅम्प दोन दिवस दिसला नाही. नाताळाच्या सुट्टीला घरी गेला असेल. चौकशी केली नाही.

१६ डिसेंबर, शनिवार

सकाळी नाश्त्याला बसलो होतो. मिसेस हॉगननं दार उघडलं तर वेल्डकॅम्प. रविवारचा कोट, केस पाण्यानं चोपलेले, ते गोठून पांढरे झालेले. गावातून मैलभर बिनटोपीचा चालत आला होता. म्हणाला, "सर, बैठक आजच ना? चारला? मला सगळं पाठ आहे." आणि तिथेच पायपुसण्यावर उभं राहून म्हणायला लागला – सद्गृहस्थहो, मी शेतकऱ्याचा मुलगा. मी त्याला थांबवलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं. कॉफीचं भांडं हातात घेऊन मिसेस हॉगनही उभी होती.

मी कोट चढवला, माझी टोपी त्याच्या डोक्यावर घातली. आधी टटल यांच्या घरी गेलो, त्यांना बरोबर घेतलं. मग तिघं डॉ. सेल्सच्या दारात. घंटा मी वाजवली. डॉ. सेल्स हातरुमाल गळ्याशी खोचलेला तसेच बाहेर आले. मी म्हटलं, "याची बैठक आज चारला आहे, सर." मग वेल्डकॅम्पला म्हटलं, "आता म्हण." त्यानं टोपी काढली आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.